डबल बेल

इरफान मिस्त्रीने मला सीटवर बसवलं, म्हणाला,
बाई, हे बटण म्हणजे वेग.
इकडं कासव, तिकडं ससा.
मी म्हटलं, गोष्ट ऐकलीय, कासवावरच ठेव.
तो हसला नाही. स्क्रू आवळत होता.

हा खटका दाबला की चालते.
सोडला की थांबते.
पायाखाली ब्रेक शोधू नका, नाहीये.
घाबरलात तर काय कराल?
घट्ट धरीन, म्हटलं.
तिथंच चुकतं सगळ्यांचं, तो म्हणाला.

चोवीस वर्षं घट्ट धरूनच उभी होते मी.
नाशिक–पेठ, पेठ–नाशिक,
एक हात दांड्याला, एका हातात मशीन,
कोटंबी घाटाची वळणं
गुडघ्यांत थोडी थोडी साठत गेली.
गाडी खैरनार चालवायचे.
मी नुसती दोरी ओढायची,
एक घंटी, थांबा. दोन, चला.
स्टिअरिंगला कधी बोट लावलं नाही.

आता एकसष्टाव्या वर्षी
मीच ड्रायव्हर, मीच कंडक्टर,
आणि फुकट पासावरचं एकुलतं पॅसेंजर.

तिडके कॉलनीतल्या आमच्या गेटपुढचा उतार
पहिल्या दिवशी तिरका घेतला.
एक चाक हवेत, मेथी रस्त्यावर.
उतार सरळ घ्यायचा, नाकासमोर,
हे पुस्तिकेत होतं म्हणे. मला जुडीने सांगितलं.
खाली उतरायच्या आधी किल्ली काढायची,
ते पदराने शिकवलं, खटक्यात अडकून,
मी अर्धी खाली, गाडी अर्धी पुढं.
तेव्हापासून पदर खोचलेला,
पिशवी हँडलला नाही, पायाशी,
आणि पाठीमागे काठीला लाल झेंडी,
कारण बसल्यावर मी बॉनेटएवढी,
आणि काचेमागून लोकांना दिसत नाही.
एके काळी पंचेचाळीस जण
माझ्याकडे मान वर करून बघायचे,
सुट्ट्या पैशांसाठी का होईना.

मंगळवारी त्र्यंबक नाक्यावर
सिग्नल पडायच्या आत रिक्षा आडवी घुसली.
हात आवळला. आवळणारच,
चोवीस वर्षांचा हात तो.
गाडी थांबली नाही, गेली,
रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर जाऊन टेकली.
तो उतरला ताव खाऊन,
मला बघितलं, शिवी गिळली.
ती गिळलेली शिवीच जास्त लागली.

रात्री पार्किंगमध्ये चार्जर लावला.
लाल दिव्याचा हिरवा होईपर्यंत
बंद गाडीवर बसून
दाब, सोड. दाब, सोड.
वरच्या मजल्यावरचा ओजस कुत्र्याला घेऊन आला,
आजी, काय चाललंय?
ड्यूटी, म्हटलं.

आज गोल्फ क्लबच्या कडेकडेने,
गर्दी व्हायच्या आत, दुपारी तीनला,
जुन्या सीबीएसला गेले.
पेठची गाडी लागलेली.
फलाटाला चढण नाही, नुसती पायरी,
एवढी वर्षं त्याच पायरीवर चहा प्यायला
आणि लक्षात आलं नव्हतं.
खालूनच पाटी वाचली. रंग नवा, खिळे जुनेच.
एक खिडकी आतून कुणीतरी पुसत होतं.

वळायला जागा नव्हती. रिव्हर्स टाकला,
टीं, टीं, टीं,
पण माझी मान मागे वळत नाही.
अशा वेळी मी खाली उतरायचे,
शिट्टी तोंडात धरून मागे उभी राहायचे,
खैरनारांना आरशात फक्त माझा हात दिसायचा.
माझ्या मागे आता कोण?

येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडं... बास!

पोरसवदा कंडक्टर होती, बिल्ला कोरा करकरीत.
माझं नाव तिला माहीत असायचं कारण नाही.
तिनं माझ्या सीटच्या पाठीवर
तळहाताने दोनदा थापटलं, सवयीनं,
आणि मागे न बघता पेठच्या गाडीत चढली.

मी हँडल सरळ केलं.
कासवावरच होते.
खटका दाबला.